लेखांक ५ : न आवडलेल्यांचा आकडा

मागच्या भागात घरच्या संस्कारांबद्दल लिहिलं. पण पोरगं तेरा-चौदा वर्षांचं झालं की घरच्यांचा शब्द मागे पडतो आणि मित्रांचा पुढे सरकतो. आमगाव तालुक्यात हे दिवाळीनंतरच्या मंडईत उघड दिसतं. भाऊबीज उलटली की गावोगावी मंडई भरते, पोट्टे टोळक्याने निघतात. कपडे, केस, बोलण्याची ढब, कुणाची चेष्टा करायची आणि कुणाची नाही, सगळं टोळकंच ठरवतं. तरी त्याच गर्दीत, रात्रीच्या दंडारीच्या खेळापुढे, काका-मावशी आणि शाळेचे गुरुजीही बसलेले असतात. कुणी वाह्यातपणा केला तर टोळक्यातलाच एखादा ‘राहू दे ना बे’ म्हणतो, आणि ते सगळ्यांना ऐकू जातं.

अशा एकट्याचं मोल अमेरिकेतल्या सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास दाखवून दिलं. खोलीत काही तरुण बसवले. तीन रेषांपैकी कोणती रेष समोरच्या रेषेएवढी लांब, इतकंच सांगायचं. एक जण सोडून बाकीचे आधीच पढवलेले. ते ठरवून, एकमुखाने चुकीचं उत्तर देत. डोळ्यांना खरं दिसत असूनही त्या एकट्याने सुमारे एक-तृतीयांश वेळा त्यांचीच री ओढली. पण पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं सांगितलं, तरी तो दबाव बहुतांशी ओसरत असे.

मोबाइलवर हा एकटा दिसतच नाही. एखादी रील पाहून हजारोंना किळस आली आणि ते अंगठ्याने पुढे सरकले, तर त्याची नोंद पोरांना कुठे दिसणार? आवडलेल्यांचा आकडा मात्र ठळक झळकतो. यूट्यूबने तर नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. ठरवून होणाऱ्या हल्ल्यांपासून लहान चॅनेलवाल्यांना वाचवायचं, हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे नाही म्हणणारे आणखीच अदृश्य झाले.

आणि दिसणारा तो लाइक्सचा आकडा कामाला लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले. लाइक्सचे आकडे संशोधकांनीच लावलेले. एकच फोटो काहींना भरपूर लाइक्ससह, काहींना मोजक्याच लाइक्ससह. जिथे आकडा मोठा, तिथे मुलांनीही जास्त पसंती दिली, दारू-सिगारेटच्या फोटोंनाही. फोटो तोच होता, हे मला सर्वांत अस्वस्थ करतं.

म्हणून निव्वळ बंदीवर माझा भरवसा नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या; अ‍ॅप बदललं, लाइक्सचा आकडा राहिलाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली; हेतू चांगला, पण बंधन फक्त मुलांवर. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास सगळ्या गावाने टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवायचे, मोठ्यांनीसुद्धा, असं ठरवलं. ही वाट मला जास्त पटते, कारण इथे कोणतंच पोर एकटं पडत नाही.

टोळकं चांगल्याकडेही ओढतं. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावणारी पोरं पाहा. एकट्याने अंथरूण सोडवत नाही, चौघं हाक मारायला आली की सुटतं.

आपल्या शाळांमध्ये आठवी-नववीच्या वर्गात एक गोष्ट सहज करता येईल. गाजलेली एखादी रील दाखवावी आणि आवडली की नाही, ते चिठ्ठीवर, नाव न घालता लिहून घ्यावं. हात वर करायला लावू नये, नाहीतर अ‍ॅशच्या खोलीतलंच घडेल. मग ‘नाही’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मोजून तो आकडा फळ्यावर रीलच्या लाइक्सशेजारी लिहावा आणि उरलेला तास मुलांना बोलू द्यावं.