भागाकारावर अडलेला कर्नल

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्स हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला, तो इंटेलच्या ३८६ या एकाच प्रोसेसरसाठी. तो दुसरीकडे नेता येण्यासारखा नाही, हेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं. आज तोच कर्नल फोनमधल्या आर्मवर चालतो, आयबीएमच्या मेनफ्रेमवर चालतो, आणि अमिगासारख्या जुन्या संगणकांतल्या मोटोरोला ६८००० कुळातल्या चिपवरसुद्धा. मग कुणी लॅपटॉपवर बसून दहा ओळी बदलल्या, तर त्या सगळीकडे चालतील हे कळायचं कसं? घरात मेनफ्रेम कोण ठेवतं!

गंमत अशी, की ठेवावा लागतच नाही. क्रॉस-कंपायलर इंटेलच्या यंत्रावर बसून भलत्याच प्रोसेसरच्या सूचना लिहितो. त्या तिथे चालवता येत नाहीत. तयार होतात की नाही, एवढंच कळतं. पण तेवढ्यानेही बरंच काही उघडं पडतं.

समजा, ६४ बिटांत मोजलेल्या नॅनोसेकंदांना तुम्ही साध्या भागाकाराच्या चिन्हाने दुसऱ्या एका आकड्याने भागलंत. ६४-बिट लॅपटॉपवर हे काम प्रोसेसरच्या एका सूचनेत उरकतं आणि बिल्ड सुरळीत होतो. तीच ओळ ३२-बिट इंटेलसाठी कंपाइल करा. तिथे एका सूचनेत हे जमत नाही, म्हणून कंपायलर तुम्हाला न विचारता '__यूडिव्हडीआय३' नावाचं एक मदतनीस फंक्शन बोलावून मोकळा होतो. ते असतं कंपायलरच्या स्वतःच्या लायब्ररीत, आणि कर्नल तिथे ती लायब्ररी मुद्दामच जोडून घेत नाही. अखेर कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणारा लिंकर अडून बसतो: या नावाचं इथे कुणीच नाही. मला हा आडमुठेपणा फार आवडतो. महागडा भागाकार गुपचूप उरकायचा नाही. करायचाच तर 'डिव्ह_यू६४' असं स्वतःच्या हाताने लिहायचं.

अशा चुका पकडायला माणसांना वेळ कुठला? कर्नल विकसक स्टीफन रॉथवेल यांनी २००८मध्ये 'लिनक्स-नेक्स्ट' सुरू केलं; त्यात पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल आधीच एकत्र करून बांधून पाहिले जातात. शिवाय इंटेलचा एक रोबो प्रोसेसर बदलून-बदलून, वाटेल त्या पर्यायांची मोट बांधून बिल्ड करत असतो आणि काही फुटलं की थेट लिहिणाऱ्याला ईमेल धाडतो.

तरी काही चुका निसटतातच. सी भाषेत अक्षर साठवायच्या एका बाइटच्या साध्या प्रकारात ऋण संख्या मावतात की नाही, हे प्रोसेसरगणिक बदलतं. त्यात उणे एक ठेवा: इंटेलवर तो उणे एकच राहतो, आर्मवर २५५ होतो. मग 'शून्याहून कमी असेल तर थांब' ही अट आर्मवर कधीच खरी ठरत नाही, आणि कंपाइल मात्र बिनबोभाट होतं. २०२३च्या ६.२ आवृत्तीत कर्नलकारांनी हा घोळ मुळातच मिटवला: प्रोसेसर कुठलाही असो, या प्रकाराला यापुढे ऋण बाजूच नाही.