ऊन वर, खत खाली

ओहोटी लागली की ऐरोली-वाशीच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी चोच उलटी बुडवून चरू लागतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग अन्नातून येतो. लहान रोहित या जातीचं हे अन्न म्हणजे मुख्यतः साध्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ.

त्या शेवाळाच्या गरजा शेतातल्या पिकासारख्याच, ऊन आणि खत. नत्र हवं, स्फुरद हवं आणि डायटम नावाच्या काचेच्या कवचातल्या शेवाळाला सिलिकाही हवी. खोल समुद्रात पंचाईत अशी, की ऊन फक्त वरच्या थरात पोचतं आणि खत साठतं खाली. मेलेले जीव नि विष्ठा खाली बसते, जिवाणू ती कुजवतात, खत तिथेच सुटतं. वरचं कोमट पाणी हलकं, म्हणून ते तरंगतच राहतं. हे झाकण उघडायला वारा आणि प्रवाह लागतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकापुढे याचा जोर मोठा, उत्तरेकडे तो ओसरत जातो. या पाण्यात प्राणवायू मात्र कमी असतो. त्यामुळे जे पाणी प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना पोसतं, तेच पावसाळ्याच्या अखेरीस तळाच्या माशांना गुदमरवूही शकतं. हिवाळ्यात तऱ्हा बदलते. ईशान्येचा कोरडा, गार वारा उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड करतो. ते जड होऊन खाली जातं आणि ढवळून खत वर येतं.

ऐरोली-वाशीची ही ठाण्याची खाडी मात्र उथळ आहे. इथे हे काम भरती-ओहोटी करते, रोज दोनदा. उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं, गाळ उसळतो आणि त्यातून खतही सुटतं. शहरांच्या सांडपाण्यामुळे इथे खताची वाण नाही, उलट ते जास्तच आहे. वाण उजेडाची. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, तेव्हा पाण्यातल्या शेवाळाला थोडा उजेड मिळतो. चिखलावरच्या शेवाळाला तो ओहोटीतच मिळतो, आणि पक्ष्यांचं ताट तिथेच वाढलेलं असतं. प्लवकांवर जवळा जगतो, जवळ्यावर बोंबील. कोळ्यांचं डोल जाळंही वाहत्या पाण्याच्या तोंडालाच लावलेलं असतं.

ही खाडी २०१५ पासून रोहितांचं अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. पण पाण्याची वाट बंद झाली, तर पाटीवरचं नाव उपयोगाचं नाही. रोहित जिथे उतरतात, त्या नेरूळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं, तेव्हा २०२४ मध्ये ते तळं कोरडं पडलं होतं.