वीतभर अंतरावरची जादू

उपाहारगृहातल्या मेजाभोवती पाहुणे स्थिरावले आहेत, वाढप्याने त्यांची फर्माईश टिपून मुदपाकखान्याकडे पावले वळवली आहेत, पाण्याचे पेले भरून झाले आहेत, एकमेकांचे क्षेमकुशल विचारून संपले आहे आणि ज्यासाठी सारे जमले ते अन्न मात्र अद्याप यायचे आहे, असा जो दहा-पंधरा मिनिटांचा रिकामा अवकाश प्रत्येक खानावळीत रोज निर्माण होतो, त्या अवकाशावर आपली वहिवाट सांगणारा एक कसबी वर्ग गेल्या शतकात अमेरिकेत, आणि त्यातही विशेषेकरून शिकागो शहरात, उदयाला आला. अंगात साधा कोट, एका खिशात पत्त्यांचा जोड, दुसऱ्यात चार रुपेरी नाणी आणि स्पंजचे दोन-चार लाल चेंडू, एवढ्या सामग्रीवर हा मनुष्य मेजापाशी येऊन उभा राहतो, पाच-सात मिनिटे पाहुण्यांना विस्मयात ठेवतो आणि वाफाळलेले ताट दुरून येताना दिसताच रजा घेऊन शेजारच्या मेजाकडे सरकतो. त्याला पडदा नाही, दिव्यांची योजना नाही, मदतनीस नाही. त्याच्या बोटांत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत अंतर काय ते वीतभर. या विद्येला क्लोज-अप मॅजिक असे नाव रूढ आहे, आणि ती मेजामेजांतून किंवा समारंभात उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यांतून हिंडत करावयाची असली म्हणजे तिला स्ट्रोलिंग म्हणतात.

आपल्याकडे जादू म्हटली की जादूगार रघुवीरांसारख्यांचे नाट्यगृहातले भव्य प्रयोग डोळ्यांपुढे येतात. परंतु या मेजाजवळच्या जादूगाराचे सगोत्र शोधावयाचे तर ते आठवडेबाजारात जमिनीवर बैठक मारणाऱ्या गारुड्यात सापडतील. चोहोंकडून माणसांचे कडे, वर उघडे आकाश, पुढ्यात वाट्या आणि गोळ्या, आणि पाठीमागून डोकावणाऱ्या पोरांचाही बंदोबस्त ज्याला बोलता बोलता करावा लागतो, त्या गारुड्याची विद्या बापाकडून मुलाकडे, हाताकडून हाताकडे जात आली. तिचे दफ्तर कोठे नाही. हाताकडून हाताकडे जाणारी ही परंपरा पाश्चात्त्य देशांत प्रथम ग्रंथांत आणि पुढे चित्रफितींत कशी उतरली, आणि त्या उतरण्यात काय हाती लागले व काय निसटले, हा माझ्या कित्येक वर्षांच्या चिंतनाचा विषय आहे; कारण मी स्वतः जे थोडेफार शिकलो ते चित्रफितींवरूनच.

शिकागोचा उल्लेख वर आला. तेथे मॅट शूलियन हा धिप्पाड गृहस्थ आपल्या कुटुंबाच्याच उपाहारगृहात गिऱ्हाइकांच्या मेजावर पत्त्यांचे खेळ करी. पाहुण्याने निवडलेला पत्ता जोडात मिसळून तो सबंध जोड भिंतीवर भिरकावला, की बाकीचे पत्ते खाली विखुरत आणि निवडलेला तेवढा भिंतीला चिकटून राही. त्याच शहरातल्या अँबॅसेडर ईस्ट हॉटेलच्या पंप रूम या प्रतिष्ठित भोजनगृहात बर्ट ॲलर्टन हा सभ्य, मृदुभाषी जादूगार धनिकांच्या आणि नटनट्यांच्या मेजावर हजेरी लावी. मालकांना यात दिसणारा लाभ उघड होता: जेवणाला उशीर झाला तरी गिऱ्हाईक कुरकुरत नाही, आणि पुन्हा येताना आणखी चार जणांना घेऊन येते. पण या मामुली व्यापारी हिशेबाच्या आश्रयाने एक कला वाढली, आणि याच शहरात पुढे यूजीन बर्गर यांच्यासारखा माणूस निपजला, ज्याने येल विद्यापीठात ईश्वरविद्येचे अध्ययन केले होते आणि चाळिशीच्या सुमारास इतर सर्व उद्योग सोडून मेजाजवळची जादू हाच व्यवसाय पत्करला. लांब पांढरी दाढी आणि खोल, संथ आवाज यांच्या बळावर बर्गर एक दोरा तोडून पुन्हा अखंड करीत, आणि तेवढ्यात सृष्टीच्या लयाची व पुनरुत्पत्तीची कथा सांगून जात. हा दोऱ्याचा प्रयोग हिंदुस्थानातून आला अशी त्या लोकांत समजूत आहे, आणि बर्गर तो त्याच भावाने, हिंदू देवतांच्या कथेसह सादर करीत.

ग्रंथांची परंपरा याहून फार जुनी. 1584 साली रेजिनल्ड स्कॉट याने इंग्लंडात चेटूक म्हणून निरपराधांचा छळ करणाऱ्यांविरुद्ध पुस्तक लिहिले आणि त्यात नाणी, गोळ्या व पत्ते यांची हातचलाखी कशी केली जाते ते उघड करून सांगितले. 1876 मध्ये प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने एका बॅरिस्टराने ‘मॉडर्न मॅजिक’ प्रसिद्ध केले. परंतु क्लोज-अप करणारे ज्याला वेदासमान मानतात तो ग्रंथ म्हणजे 1902 साली शिकागोत छापलेला ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. त्याचा कर्ता एस. डब्ल्यू. अर्डनेस, आणि हा अर्डनेस वस्तुतः कोण, याचा निर्विवाद निकाल आजतागायत लागलेला नाही. कॅनडातल्या ऑटावा शहरात 1894 मध्ये जन्मलेल्या डाय व्हर्नन या मुलाने हे पुस्तक बालपणीच मुखोद्गत केले, आणि 1922 साली शिकागोच्याच एका हॉटेलात, कोणताही खेळ तीनदा पाहिला की मी उलगडतो अशी ज्याची प्रतिज्ञा होती त्या प्रत्यक्ष हुदिनीला, जोडात आत घातलेला पत्ता पुनःपुन्हा वर आणून दाखवून निरुत्तर केले.

पुस्तकावरून शिकण्यातला अडसर ज्याने सोसला त्यालाच कळेल. ‘उजव्या हातातले नाणे डाव्या हातात ठेवल्यासारखे करावे’ असे एक वाक्य आणि त्याशेजारी एक रेखाचित्र. परंतु ठेवल्यासारखे म्हणजे किती वेगाने, कोणत्या श्वासावर, खांद्याची काय अवस्था असताना, दृष्टी कोठे असताना, याबद्दल छापील अक्षर मुके. चित्र हाताची एक स्थिती दाखवते, दुसरी दाखवते, आणि या दोन स्थितींच्या मध्ये जे घडते, म्हणजेच सगळी कला, ते वाचकाच्या अंदाजावर सोडून देते. म्हणून ज्यांना शक्य होते ते गुरूच्या पायांशी जात. 2 जानेवारी 1963 रोजी हॉलिवूडमध्ये मॅजिक कॅसल ही जादूगारांची खासगी संस्था सुरू झाल्यावर व्हर्नन तेथे वास्तव्यास आले आणि वृद्धापकाळापर्यंत त्यांची बैठक तेथेच राहिली. त्यांच्या शेजारी बसून चार शब्द कानी पडावेत म्हणून तरुण मंडळी दूरदूरहून येत. परंतु हॉलिवूडला जाऊन उमेदवारी करण्याचे भाग्य किती जणांना लाभणार?

ऐंशीच्या दशकात घरोघर व्हिडिओ यंत्र पोहोचले आणि ही बैठक फितीवर आली. ऐंशी वर्षे उलटलेले व्हर्नन आपल्या शिष्यांसह गप्पा मारीत एकेक करामत उलगडून सांगत आहेत अशी ‘रेव्हलेशन्स’ नावाची चित्रफितींची मालिका निघाली; पुढे मायकेल ॲमर यांनी ‘ईझी टू मास्टर कार्ड मिरॅकल्स’ या मालिकेत पत्त्यांचे निवडक खेळ इतक्या सुबोध क्रमाने शिकवले की त्यावर एक सबंध पिढी घडली. या फितींची रचना ठराविक असते. आरंभी छोट्या श्रोतृवृंदापुढे खेळ जसाच्या तसा सादर होतो, मग श्रोते अदृश्य होतात आणि कॅमेरा जादूगाराच्या खांद्यामागून त्याच्या हातांवर उतरतो, जेणेकरून शिकणाऱ्याला ते हात आपल्याच हातांप्रमाणे दिसावेत. ही खांद्यामागची दृष्टी मला त्या तंत्राचा सर्वांत मोठा उपकार वाटते. समोर बसलेल्या गुरूचा उजवा हात शिष्याला डावीकडे दिसतो आणि मनाची गल्लत होते, ती येथे होत नाही. शिवाय गुरूला ‘पुन्हा दाखवा’ म्हणण्यालाही काही मुलाहिजा असतो; यंत्राला शंभरदा मागे नेले तरी ते कंटाळत नाही.

आमच्याकडे त्यात एक विघ्न होते. अमेरिकन फीत एन.टी.एस.सी. पद्धतीची आणि आपली यंत्रे पाल पद्धतीची; त्यामुळे दोन्ही पद्धती चालवणारे यंत्र ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे रविवारी जाऊन, त्याच्या कुटुंबाची फुरसत सांभाळून पाहावे लागे. दुसरी अडचण नाण्याची. ती सारी शिकवण अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर बेतलेली. त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर, आणि आपले चलनी नाणे त्यापुढे चिमुकले, तळहाताच्या मांसल कडांत ते ठरेनाच. अखेर आजीच्या पेटीतला राणीच्या छापाचा कलदार रुपया हाती आला. तोही व्यासाने तेवढाच भरतो, वजनाने 11.66 ग्रॅम, आणि चांदीचा असल्याने तळहातावर त्याचा जो किंचित ओलसर, जड स्पर्श होतो तो अन्य कोणत्या धातूला नाही. आजीने तो मला मोजून दिला आणि मोजून परत घेतला. पण त्या वर्षभरात माझ्या हातांना नाण्याची ओळख त्यानेच करून दिली.

त्या वर्षात मी एकच गोष्ट शिकलो: नाणे एका हातातून दुसऱ्यात दिल्याचा भास. ती चारशे वर्षांपूर्वीच छापली गेली असल्याने येथे बोलण्यास हरकत नसावी. शिकाऊ माणसाचे सारे लक्ष नाणे लपवणाऱ्या उजव्या हाताकडे असते, म्हणून तो हात ताठ होतो, बोटे आवळतात, आणि काहीतरी दडले आहे हे पाहणाऱ्याला उमगते. व्हर्नन यांची आयुष्यभराची शिकवण सहजतेची. त्या मार्गाने जावयाचे तर नाणे प्रथम खरोखरीच डाव्या हातात ठेवावे, ते पन्नासदा, शंभरदा ठेवावे, ठेवताना आपला हात काय करतो ते न्याहाळावे, नाणे गेल्यावर उजवा हात कसा हलका होऊन खाली येतो ते पाहावे, आणि मग खोटे ठेवताना त्या खऱ्याची तंतोतंत नक्कल करावी. डाव्या मुठीत नाणे आहे अशी प्रथम आपलीच खात्री पटावी लागते. दृष्टी तिच्याकडे आपोआप जाते, आणि आपली दृष्टी जिकडे जाते तिकडे समोरच्याची जाते. ही गोष्ट पुस्तकातही लिहिलेली होती. परंतु फितीवर एका म्हाताऱ्या हाताने ते नाणे ठेवताना जी अर्ध्या क्षणाची निवांत गती दाखवली, ती पाहेपर्यंत मला तिचा अर्थ लागला नव्हता.

आरशाबद्दलही येथे सांगितले पाहिजे. आरशासमोर तालीम करणारा पुष्कळदा नेमक्या लबाडीच्या क्षणी पापणी मिटतो, स्वतःचीच चूक पाहावयाचे टाळतो, आणि आपले कसब निर्दोष आहे असे समजून बसतो. यास उतारा म्हणजे स्वतःचे चित्रण करून ते दुसऱ्या दिवशी परक्या नजरेने पाहणे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्याने हा उतारा फुकट झाला आहे, आणि शिकवणीही फितीवरून संगणकावर येऊन पोहोचली आहे.

तरीही चित्रफितीला एकच डोळा, आणि तो ठरल्या जागी स्थिर, हे तिचे मूलभूत न्यून आहे. उपाहारगृहातल्या मेजाभोवती सहा माणसे बसलेली असतात, म्हणजे बारा डोळे, त्यांतले दोन जवळजवळ पाठीमागे. न्यू यॉर्कचे स्लायडिनी यांची असामान्य कला खुर्चीवर बसून, मेजाच्या कडेच्या आणि मांडीच्या आश्रयाने फुललेली होती. ती पाहून वेडावलेला तरुण तीच करामत उभ्याने करू गेला तर मांडी आणावयाची कोठून? अल्बर्ट गॉशमन, जे पूर्वी पावभट्टीत काम करीत, मिठाच्या भांड्यांखालून नाणी काढीत. बसलेल्या प्रेक्षकांसमोर तो चमत्कार थक्क करी, पण हिंडणाऱ्या जादूगाराला प्रत्येक मेजावर एवढी मांडामांड करण्यास सवड नाही. त्याचा खेळ संपताक्षणीच पुन्हा सुरू करण्याजोगा हवा, पत्ते कोणत्या खिशात आणि नाणी कोणत्या, हे दोन मेजांमधल्या चार पावलांत जागी लागले पाहिजे. या व्यवहाराची अक्कल क्वचितच एखादी फीत देते. आणि मेजापाशी जावे कसे, नको म्हणणाऱ्याचा मान राखून परतावे कसे, नवरा-बायकोचे भांडण चालू असल्यास ते चेहऱ्यावरून ओळखून दूर राहावे कसे, ही तर निव्वळ माणसांची पारख आहे. फितीतले श्रोते निमंत्रित असतात, विस्मय करावयास आलेले असतात. मेजावरचे लोक भुकेलेले असतात आणि त्यांनी जादूगाराला बोलावलेले नसते.

याहून मला अधिक सलते ते अनुकरण. पुस्तकावरून शिकणाऱ्याला शब्द स्वतःचे शोधावे लागत. फितीवरून शिकणारा खेळाबरोबर गुरूचे वाक्य, विनोद, भुवई उंचावण्याची लकबसुद्धा उचलतो. म्हणून मी नवशिक्याला सांगतो की फीत एकदा आवाजासह पाहा आणि त्यानंतर आवाज बंद करून पाहा. बर्गर यांची दाढी आणि तो गंभीर स्वर कोणी उसना घेऊ नये. त्यांनी दोरा तोडण्याआधी जो थांबा घेतला तो मात्र अभ्यासावा.

माझी स्वतःची परीक्षा एका नातलगाच्या लग्नात झाली. पहिली पंगत उठायची होती, दुसरीची मंडळी मांडवात तिष्ठत होती, आणि तो नेमका तसाच रिकामा अवकाश होता. मी घोळक्यांतून हिंडत नाणे नाहीसे करून दाखवीत होतो; मोठी माणसे चकित होत होती. एका घोळक्यात पाच-सहा वर्षांची एक मुलगी माझ्या कमरेशी उभी होती. मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर मी सारे झाकले होते, कारण फितीतल्या कॅमेऱ्याची पातळी तीच. तिच्या पातळीवरून मात्र माझा उजवा तळहात खालून सबंध उघडा दिसत होता. ती ओरडली नाही. तिने हळूच बोट वर करून त्या नाण्याला लावले. मी नाणे खिशात ठेवले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, आमचे डोळे एका उंचीवर आले, आणि स्पंजचा एक लाल चेंडू तिच्या हाती देऊन तिला मूठ घट्ट मिटायला सांगितले. तेवढ्यात पंगतीला पाने मांडल्याची हाक आली. भोवतालची मंडळी जागची हलली नाहीत. तिने एकेक बोट उलगडून मूठ उघडली, आणि आतून दोन चेंडू बाहेर पडले.