रिफ्लेक्शन : एक शब्द, अनेक अर्थ

'रिफ्लेक्शन' आणि 'रिफ्रॅक्शन' या दोन इंग्रजी शब्दांची अदलाबदल विद्यार्थी हटकून करतात. नियम पाठ असतो, आकृतीही बरोबर काढलेली असते. पण नाव मात्र शेजारच्याचे दिलेले असते! शब्द नुसता पाठ केला की असे होते. तो कोठून आला हे एकदा पाहून घेतले, तर सहसा चूक होत नाही. म्हणून आज आपण 'रिफ्लेक्शन' या शब्दाची थोडी उलटतपासणी करू.

वाकणे आणि मोडणे

हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. 'रि' म्हणजे मागे, आणि 'फ्लेक्टेरे' म्हणजे वाकवणे. तेव्हा रिफ्लेक्शन म्हणजे 'मागे वाकवणे'. सहज वाकणाऱ्या वस्तूला आपण 'फ्लेक्झिबल' म्हणतो, तो शब्दही याच घरातला.

'रिफ्रॅक्शन'चे मूळ मात्र 'फ्रान्गेरे' म्हणजे मोडणे या क्रियापदात आहे. हाड मोडले की 'फ्रॅक्चर' होते. पूर्णाचा तुकडा म्हणजे अपूर्णांक. त्याला इंग्रजीत 'फ्रॅक्शन' म्हणतात. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरपी ठेवा. ती पाण्याच्या पृष्ठभागापाशी मोडल्यासारखी दिसते. मोडते ते रिफ्रॅक्शन, एवढे ध्यानात ठेवले की पुरे!

आपले मराठी शब्दही असेच बोलके आहेत. 'परावर्तन' आणि 'अपवर्तन' या दोहोंत 'वृत्' म्हणजे वळणे हा एकच संस्कृत धातू आहे. 'परा' म्हणजे मागे, उलट. 'अप' म्हणजे दूर, बाजूला. मागे वळणे ते परावर्तन, बाजूला वळणे ते अपवर्तन. जुन्या मराठी पुस्तकांत अपवर्तनाला 'वक्रीभवन' म्हणत.

चॉसर ते न्यूटन

आरशावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, हे ग्रीकांना ठाऊक होते. पुढे इब्न अल्-हैथम (सुमारे ९६५ ते सुमारे १०४०) या अरब शास्त्रज्ञाने प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला आणि परावर्तन समजावताना प्रकाशाची तुलना आदळून परत येणाऱ्या वस्तूशी केली. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपभर वाचला गेला.

इंग्लिश कवी चॉसर याच्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका कथाकाव्यात राजाला एक जादूचा आरसा भेट मिळतो. जमलेले लोक तर्क लढवतात, की ही कोनांची आणि परावर्तनांची करामत असावी. त्या प्रसंगात इब्न अल्-हैथमचे नावही येते! म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजी काव्यातही रुळू लागला होता.

त्या काळी त्याच्या स्पेलिंगमध्ये 'सीटी'च्या जागी 'एक्स' असे. न्यूटनचा 'ऑप्टिक्स' हा ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पूर्ण नावात रिफ्लेक्शन, रिफ्रॅक्शन आणि इन्फ्लेक्शन असे तीन शब्द ओळीने येतात आणि पहिला व तिसरा 'एक्स'ने लिहिलेला आहे. यांतले इन्फ्लेक्शन म्हणजे आपण आज ज्याला विवर्तन म्हणतो ते. ग्रंथालयातील एखाद्या जुन्या ब्रिटिश पुस्तकात असे स्पेलिंग आढळले, तर ती छपाईची चूक समजू नका.

प्रकाशाकडून मनाकडे

हाच शब्द मनालाही लावला गेला. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने १६९० सालच्या आपल्या ग्रंथात म्हटले, की आपल्या सर्व कल्पनांचे उगम दोनच. एक म्हणजे इंद्रियांना येणारा अनुभव आणि दुसरा 'रिफ्लेक्शन', म्हणजे मनाने मागे वळून स्वतःच्याच व्यापारांकडे पाहणे. प्रकाशाऐवजी येथे विचार मागे वळतो.

शरीरशास्त्रातही हेच घडले. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात झटकन मागे येतो. संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तेथूनच स्नायूंकडे वळवला जातो. १८३३ साली मार्शल हॉल या इंग्लिश वैद्याने अशा क्रियांचे विवेचन करताना 'रिफ्लेक्स' हा शब्द वापरला. आपण तिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो.

एका शब्दाची अडचण

इंग्रजीत आरशापासून प्रकाश परत फिरतो तेही रिफ्लेक्शन, आरशात जे दिसते तेही रिफ्लेक्शन आणि शांत बसून केलेला विचार तोही रिफ्लेक्शन! मराठीत मात्र पहिले परावर्तन, दुसरे प्रतिबिंब आणि तिसरे चिंतन. 'आरशात माझे परावर्तन दिसले' असे कोणी लिहिले तर ते चूक आहे. परावर्तन ही घटना आहे. प्रतिबिंब हा तिचा परिणाम आहे. पांढऱ्या भिंतीवरूनही प्रकाशाचे भरपूर परावर्तन होते. पण ते अनियमित असल्याने भिंतीत आपले प्रतिबिंब दिसत नाही. इंग्रजी वाक्य वाचताना यांतला कोणता अर्थ घ्यायचा, हे आपणच ठरवावे लागते.

खरोखर मागे वाकणारा प्रकाश

आता एक गंमत पाहा. आरशावर प्रकाशकिरण 'वाकतो' कोठे? तो तर एका बिंदूपाशी टोकदार कोन करून फिरतो. आरशावरील धातूच्या थरातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींमुळे कंप पावतात आणि स्वतः लहरी बाहेर टाकतात. या सर्वांची बेरीज होऊन परावर्तित किरण तयार होतो. येथे 'वाकणे' हे केवळ शब्दात उरले आहे.

पण मृगजळात किरण खरोखरच मागे वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते. आकाशाकडून अगदी तिरपा खाली येणारा किरण अधिकाधिक विरळ थरांतून जाताना हळूहळू वळत जातो आणि जमिनीला न टेकताच पुन्हा वर येऊन आपल्या डोळ्यात शिरतो. आपल्याला रस्त्यावर आकाश दिसते आणि पाण्याचा भास होतो. फ्रेंच गणिती गास्पार माँज याने १७९८ साली नेपोलियनच्या इजिप्तच्या स्वारीत या चमत्काराची कारणमीमांसा केली. पुष्कळ पुस्तकांत याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. परंतु काच आणि हवा यांच्यामध्ये असते तशी रेखीव सीमा येथे नसते. हे खरे तर क्रमाक्रमाने होणारे अपवर्तनच! लघुलहरींवरील रेडिओचे संदेश आयनांबरातून पृथ्वीवर परत येतात, तेही बहुतांशी असेच वळून. आपण म्हणतो ते 'परावर्तित' झाले. लॅटिन अर्थाने ते अगदी बरोबरही आहे.

करून पाहा

काचेच्या चौकोनी भांड्याच्या तळाशी साखरेचा जाड थर द्या. त्यावर हलक्या हाताने पाणी ओता. ढवळू नका, एक दिवस तसेच राहू द्या. तळाशी दाट आणि वर विरळ असे द्रावण तयार होईल. आता शिक्षकांच्या देखरेखीखाली एका बाजूने लेसरचा किरण जवळजवळ आडवा सोडा. (लेसर कधीही डोळ्यांवर येऊ देऊ नका.) किरण कमानीसारखा खाली वाकताना दिसेल. तो तळापर्यंत पोचला, तर तेथे टोकदार कोन करून वर उसळेल.

आता तुमच्या वहीत त्या किरणाची आकृती काढा. तो कोठे वाकला आणि कोठे उसळला, ते ठिकाण दाखवा आणि प्रत्येक ठिकाणी योग्य तो मराठी शब्द लिहा. नावे अचूक पडली, तर यापुढे परीक्षेत तुमची गफलत होणार नाही.