दोन स्वल्पविरामांमधला पुरावा

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक शोधनिबंधांचं इंग्रजी तसं चुकीचं नसतं. स्पेलिंग संगणकाने तपासलेलं असतं, क्रियापदं कर्त्याशी जुळलेली असतात. तरीही निबंध नियतकालिकाकडून ‘भाषा सुधारून पाठवा’ असा शेरा घेऊन परत येतो आणि संशोधक भाषासंपादकाच्या शोधाला लागतात. फाइल उघडली की मी पहिल्या पानापासून वाचत सुटत नाही. शोधपट्टीत आधी ‘व्हिच’ टाकते, मग ‘हू’, मग ‘व्हेअर’. लेखकाने पुरावा कुठे ठेवला आहे आणि कुठे ठेवल्यासारखं केलं आहे, ते या तीन शब्दांच्या आसपास लगेच दिसतं.

शाळेत आपण या शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यांना ‘ॲडजेक्टिव्ह क्लॉज’ म्हणायचो आणि दोन वाक्यं जोडण्याच्या पाच गुणांपुरते वापरायचो. संशोधनाच्या इंग्रजीत मात्र त्यांच्यावर बराच भार असतो. अभ्यास कोणी केला, कुठे केला, कोणत्या माणसांवर आणि कोणत्या पद्धतीने केला, हे सगळं त्या गौण वाक्यात मावतं आणि मुख्य वाक्य निष्कर्षासाठी मोकळं राहतं. सोय उत्तम आहे. पण वाचणाऱ्याची शंका मुख्य क्रियापदाशी थांबते. ‘हू’नंतर आलेली माहिती तो आधीच ठरलेली, वादात नसलेली म्हणून गिळून टाकतो. परीक्षकही गिळतात. म्हणून ज्या विधानाचा लेखकाला स्वतःलाच पुरता भरवसा नसतो, ते बरेचदा तिथेच सापडतं. यात लबाडी क्वचितच असते. हात आपोआप तिकडे वळतो, एवढंच.

मध्यंतरी यवतमाळ जिल्ह्यातल्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा एक निबंध आला. तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं जुनं दुखणं आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. या संशोधकाने एका निवासी आश्रमशाळेतल्या मुलांचे दात तपासले होते, शाळेच्या बोअरवेलचं पाणी तपासलं होतं आणि निष्कर्षाच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘द चिल्ड्रन, हू हॅव बीन ड्रिंकिंग धिस वॉटर सिन्स बर्थ, शोड मॉडरेट टू सिव्हिअर फ्लुओरोसिस.’

व्याकरणाच्या दृष्टीने बोट ठेवायला जागा नाही. दातांच्या डागांची प्रतवारी डीनच्या श्रेणीने केली होती. डीन या अमेरिकन दंतवैद्याने ती १९३४ साली मांडली, १९४२ मध्ये सुधारली आणि ती आजही वापरात आहे. मुख्य वाक्य भक्कम होतं. मी फोन लावला तो दोन स्वल्पविरामांमधल्या मजकुरासाठी.

“जन्मापासून, हे कुठून घेतलंत?”

“मॅडम, तिथलीच मुलं आहेत ना ती.”

“शाळा निवासी आहे म्हणता. मग मुलं कुठल्या कुठल्या गावांची आहेत?”

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. “आजूबाजूच्या तालुक्यांतून येतात. काही पहिलीपासून आहेत, काही पाचवीला आलेली. फॉर्ममध्ये तसं विचारलं नव्हतं मॅडम.”

आता गंमत अशी की अख्खा निबंध याच गौण वाक्यावर उभा होता. फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात ते एनॅमल तयार होत असताना, म्हणजे बहुतेक दातांच्या बाबतीत वयाच्या आठव्या वर्षापर्यंत. दहाव्या वर्षी पाचवीत दाखल झालेल्या मुलाच्या दातांवर जे दिसतं, ते बहुतांशी त्याच्या गावच्या विहिरीचं. शाळेच्या बोअरवेलला त्याचा दोष देता येत नाही. ‘सिन्स बर्थ’ हे दोन शब्द मुख्य वाक्यात असते, ‘ही मुलं जन्मापासून हे पाणी पीत आली आहेत’ असं स्वतंत्र विधान करावं लागलं असतं, तर संशोधकाचा हात तिथेच थबकला असता. संदर्भ काय द्यायचा, हा प्रश्न त्याला पडलाच असता.

स्वल्पविरामांचा प्रश्न याच वाक्यात दडलेला होता. ते दोन्ही काढून टाका आणि पुन्हा वाचा. स्वल्पविराम असताना वाक्य सगळ्या मुलांबद्दल बोलतं: सगळी मुलं जन्मापासून हे पाणी पितात आणि सगळ्यांच्या दातांवर डाग आहेत. ते काढले की वाक्य फक्त जन्मापासून पिणाऱ्या मुलांपुरतं उरतं, आणि न पिणाऱ्यांचं काय, असा प्रश्न आपोआप उभा राहतो. एकाच शब्दरचनेतून दोन वेगळे अभ्यास निघतात. आपल्याकडे बहुतेक जण स्वल्पविराम श्वास घ्यायची जागा म्हणून टाकतात. विज्ञानाच्या इंग्रजीत तो नमुन्याची व्याख्या करतो, हे एकदा लक्षात आलं की माणूस पुढे जपून टाकतो.

पुरावा वाक्यात कुठे ठेवायचा, हे दाखवायला कार्यशाळेत मी डॉक्टर जॉन स्नोची गोष्ट घेते. १८५४च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला. स्नोचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपावर होता, पण त्या काळी बहुसंख्य डॉक्टर दूषित हवेला दोष देत. पंपाजवळची माणसं मेली, एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं, कारण पाणी आणि हवा दोन्ही तिथलीच. त्याला हवी होती ती नियमाबाहेरची माणसं. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा सापडली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं आणि गाडीवरून रोज तिच्यासाठी बाटली जायची. ती कॉलऱ्याने गेली. तिची भाची ते पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. दोघींच्या परिसरात तेव्हा कॉलरा नव्हता. उलट पंपाच्या शेजारच्या दारूभट्टीत सत्तरहून अधिक कामगार होते, ते बिअर पीत आणि पंपाकडे फिरकत नसत. त्यांच्यातलं कोणी मेल्याची नोंद झाली नाही. जवळच्या पोलंड स्ट्रीटच्या गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसं होती, तिथे स्वतःची विहीर होती, कॉलऱ्याने गेले फक्त पाच.

एवढी माहिती मराठीत सांगून मी शिकणाऱ्यांना विधवेबद्दल इंग्रजीत एक वाक्य लिहायला सांगते. हमखास येणारं वाक्य असं: ‘अ विडो, हू लिव्ह्ड इन हॅम्पस्टेड, डाइड ऑफ कॉलेरा.’ मुख्य वाक्य काय सांगतं? एक बाई मेली. त्या आठवड्यात लंडनमध्ये ती बातमीसुद्धा नव्हती. स्नोचा सगळा पुरावा हा की ती कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे गेलीच नव्हती, फक्त पाणी गेलं. आणि नेमकं तेच वाक्यात नाही, किंवा असलंच तर स्वल्पविरामांमध्ये अंग चोरून बसलेलं. मग आम्ही उलटं करून बघतो. मृत्यू गौण वाक्यात घालायचा, कारण त्याबद्दल वाद नाही. ‘गेलीच नव्हती’ याला मुख्य क्रियापद द्यायचं. वाद ज्यावर आहे त्याने वाक्य चालवावं, उरलेल्याने ‘हू’ला धरून मागून यावं. माझ्या मते संदर्भ देण्याच्या पद्धतींवरच्या जाडजूड पुस्तिका शिकवण्याआधी हे शिकवायला हवं.

‘व्हिच’चं दुखणं वेगळं. आपण मराठीत ‘जे पाणी गढूळ होतं ते’ म्हणतो, त्यात जे आणि ते एकमेकांचा हात धरून असतात, कोण कोणाबद्दल बोलतंय हे सुटत नाही. इंग्रजीत मागे ‘ते’ नाही, त्यामुळे ‘व्हिच’ सहसा जवळच्या नामाला चिकटतो. ‘गावातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने, व्हिच…’ असं वाक्य सुरू झालं की दूषित काय होतं, नमुने, पाणी, विहिरी की गाव, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या पिढीला हे निदान खटकायचं. आता नाम लांब आणि ‘व्हिच’ त्याहून लांब, असं सर्रास दिसतं.

यावर माणसांचं नशीबही ठरतं. पॉलीन थॉमस या अमेरिकन बाई लिफ्ट चालवायच्या. १९९५ साली ते काम बंद झालं आणि त्यांनी अपंगत्वाचा भत्ता मागितला. कायद्यात अट होती की माणूस पूर्वीचं काम करू शकत नसावा आणि राष्ट्रीय अर्थव्यवस्थेत अस्तित्वात असलेलं इतर कोणतंही कामही करू शकत नसावा. थॉमसबाईंचं म्हणणं, हे ‘व्हिच एग्झिस्ट्स’ पूर्वीच्या कामालाही लागू आहे, आणि लिफ्ट चालवण्याच्या नोकऱ्या आता उरल्यात कुठे? प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००३ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया यांनी एकमताचा निकाल लिहिला: गौण वाक्य लगतच्या शेवटच्या नामसमूहापुरतंच. बाई हरल्या. तो नियम न्यायालयात चालतो तसा परीक्षकाच्या टेबलावरही चालतो, म्हणून ‘व्हिच’ला त्याच्या नामाशेजारी बसवायचं, नाहीतर वाक्य तोडायचं.

‘व्हिच’च्या जागी ‘दॅट’ कधी घालायचा, हेही बरेच जण विचारतात. फाउलर यांनी इंग्रजी वापरावरच्या १९२६च्या आपल्या कोशात दोघांची कामं वाटून द्यावीत असं सुचवलं, अमेरिकन संपादकांनी ते मनावर घेतलं, ब्रिटिश फारसं घेत नाहीत. नियतकालिक कुठलं ते पाहून मी बदलते आणि विसरून जाते. त्यापेक्षा मला परिच्छेदाच्या शेवटी येणारं ‘व्हिच प्रूव्हज दॅट’ सतावतं. इथे ‘व्हिच’ कोणत्याच एका नामाला लागत नाही, मागच्या सगळ्या मजकुराची मोट बांधतो आणि ‘सिद्ध’ करून मोकळा होतो. ते दिसलं की मी पूर्णविराम देते आणि समासात विचारते: नेमकं कशावरून?

यवतमाळच्या संशोधकाने शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मिळवली. मुलांचे गट पाडले: शाळा ज्या गावात आहे तिथली, पहिलीत बाहेरून आलेली, नंतर आलेली. गावातलीच मुलं निघाली थोडी. त्यांच्या घरच्या नळालाही तेच पाणी येतं का, हे आता विचारायचं आहे. बाकीच्यांच्या गावांतल्या विहिरींचे नमुने लागणार, आणि तेही पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा, कारण भूजलातलं फ्लोराइड ऋतूप्रमाणे बदलतं. मार्गदर्शक नाराज आहेत, नियतकालिकाची मुदत गेली. गेल्या आठवड्यात त्याचा मेल आला, सोबत सुधारलेला निष्कर्ष होता. ‘सिन्स बर्थ’ गेलं होतं. त्याच्या जागी रजिस्टरमधल्या तारखांचा तक्ता होता आणि ‘हू’च्या आधीचा स्वल्पविराम त्याने स्वतःच काढला होता.