भुंगेऱ्यांनी मुक्काम हलवला

"हवामान काय आज बदलतंय? हिमयुगं आली नि गेली. किडे घेतात जुळवून!" हवामानबदलावर कुठेही बोलायला उभं राहा, हे वाक्य येतंच. इतक्यांदा ऐकलंय की आता मी सरळ एका शेणकिड्याचं नाव सांगतो: ॲफोडियस होल्डेरेरी.

हा भुंगेरा आज तिबेटच्या पठारावर, तीन ते पाच हजार मीटर उंचीवर राहतो. (भुंगेरा म्हणजे भुंगा नव्हे. भुंगा मधमाशीच्या कुळातला. हुमणीचा होतो तो भुंगेरा.) पण शेवटच्या हिमकालात तो इंग्लंडमध्ये होता आणि तिथल्या गाळात त्याचे अवशेष भरपूर सापडतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या रसेल कूप यांनी 1973 साली 'नेचर'मध्ये हे जाहीर केलं. ओळखण्यात चूक झाली असेल, असं वाटेल. पण भुंगेऱ्याची जात पक्की करायची तर नराचं जननेंद्रिय तपासतात, आणि गाळात कधीकधी तेही शाबूत मिळतं. असे हजारो नमुने कूप यांनी आयुष्यभर ताडून पाहिले. हिमयुगातल्या बहुतेक जाती आजच्यासारख्याच निघाल्या.

मग 'जुळवून घेतलं' कुठे? थंडी वाढली तसे भुंगेरे दक्षिणेकडे सरकले, ऊब आली तसे उत्तरेला परतले. होल्डेरेरीला मात्र युरोपात जागा उरली नाही.

या ये-जा करण्याच्या खुणा युरोपच्या नकाशावर आजही दिसतात. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करून आंद्रेस बासेल्गा यांनी 2010 मध्ये दाखवलं, की दक्षिण युरोपात एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलं की जातीच बदलतात. उत्तरेत मात्र बऱ्याच अंशी दक्षिणेच्याच यादीतल्या काही जाती भेटतात. बर्फ वितळल्यावर ज्यांना तिथवर पोचता आलं, त्या. म्हणजे 'उत्तरेत थंडी, म्हणून जाती कमी' हे उत्तर अर्धंच आहे. शेणकिड्यांच्या बाबतीतही आजच्या विविधतेचा हिशेब लावताना 21 हजार वर्षांपूर्वीची शून्य अंश सरासरी तापमानाची रेषा विचारात घ्यावी लागते (होर्ताल आणि सहकारी, 2011).

बाकीचे गैरसमज झटपट. 'किड्यांचे अवशेष टिकत नाहीत': टिकतात. गाळाला रॉकेल चोळून पाणी ओता, कवचाचे तुकडे वर तरंगतात. 'गुहांमधले आंधळे भुंगेरे हिमयुगाने घडवले': पिरेनीजमधल्या गुहांतल्या एका मोठ्या गटाचं मूळ डीएनएनुसार तीनेक कोटी वर्षं मागे जातं, हिमयुगांचा काळ जेमतेम 26 लाख वर्षांचा. 'म्हणजे नव्या जाती झाल्याच नाहीत': असं कूपही म्हणत नव्हते. त्यांचा पुरावा मुख्यतः उत्तरेकडच्या सपाट मुलखातला. डोंगरात अडकलेल्या, उडता न येणाऱ्या भुंगेऱ्यांची कहाणी वेगळी असू शकते.

आता मूळ वाक्य म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. तेव्हा वाटेत ना शहरं होती, ना कोसच्या कोस एकाच पिकाची शेतं. आज या किड्यांनी जायचं कुठून, तेवढं सांगा.