बावीस अक्षरांची एकवीस वचनं

हिब्रू भाषेची मुळाक्षरं 22. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 145वं स्तोत्र या मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेलं आहे. पहिलं वचन आलेफने सुरू होतं, दुसरं बेतने, तिसरं गिमेलने, आणि शेवटचं ताव या अक्षराने. वचनं मात्र 21 आहेत. मेमनंतर नून यायला हवं, तिथे एकदम सामेख येतं. आपल्याकडे एखाद्या मुलाने त, थ, द, ध म्हणावं आणि न गाळून थेट प म्हणावं, तसं. गळलेल्या अक्षराचा उच्चारही नेमका आपल्या 'न'चाच.

नूनचं वचन कुणा लेखनिकाच्या हातून सुटलं, की ते कवीने लिहिलंच नव्हतं? प्रश्न एका ओळीचा आहे. पण प्राचीन हिब्रू स्तोत्रांचा अभ्यास कसा चालतो हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही. या अभ्यासात लागणारं प्रत्येक हत्यार इथे बाहेर काढावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की करू. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी एकाचीही कवीच्या हातची प्रत उरलेली नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला आणि भाषांतरं. यातल्या प्रत्येकीला अभ्यासक साक्षीदार मानतो. साक्षीदार कोण, कुठला, कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय, हे तपासल्याशिवाय त्याचं म्हणणं ऐकून उपयोग नसतो.

पहिला साक्षीदार सर्वांत भारदस्त. गालीलच्या समुद्राकाठी तिबेरिया नावाचं शहर आहे. तिथल्या यहुदी पंडितांनी, म्हणजे मसोरा परंपरेच्या जाणकारांनी, पवित्र ग्रंथाचा शब्द न् शब्द बांधून ठेवला. हिब्रू लिपीत मुळात व्यंजनंच लिहिली जात. स्वर कोणते, आघात कुठे, कोणता शब्द कसा गायचा, यासाठी त्यांनी अक्षरांच्या वर-खाली खुणा दिल्या. स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे आणि ईयोब या तीन काव्यग्रंथांसाठी तर गायनखुणांची वेगळीच पद्धत ठेवली. समासात शब्दांची मोजदाद लिहिली, पुढच्या लेखनिकाने एकही शब्द वाढवू वा गाळू नये म्हणून. या परंपरेच्या दोन पोथ्या आजच्या अभ्यासाचा पाया आहेत. इ. स. 930च्या सुमाराची अलेप्पोची पोथी पहिली. हिची बरीच पानं अलेप्पोतल्या 1947च्या दंगलीनंतर नाहीशी झाली, पण हे स्तोत्र वाचलं. दुसरी 1008च्या सुमारास कैरोत लिहिलेली, जी आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दोन्हींत नून नाही.

दोनच पोथ्यांवर का थांबायचं? ऑक्सफर्डच्या बेंजामिन केनिकॉट यांनी अठराव्या शतकात 600हून अधिक हिब्रू हस्तलिखितं आणि छापील प्रती ताडून पाहिल्या आणि 1776 ते 1780 या काळात त्यातले पाठभेद छापले. नूनचं वचन एवढ्या ढिगाऱ्यात एकाच हस्तलिखितात मिळालं, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या एका मध्ययुगीन प्रतीत.

इथे नवखा वाचक घाईने निकाल देतो: शेकडो विरुद्ध एक, संपलं. पण पोथ्या मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. त्या शेकडो प्रती एकाच घराण्यातल्या आहेत. आजोबांच्या पत्रातली चूक नातवंडांनी शंभर वेळा उतरवली, म्हणून शंभर साक्षी होत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना वि. स. सुकथनकरांपुढे हाच प्रश्न होता. तिथे आखीव कागदावर श्लोकाचं एकेक अक्षर एकेका रकान्यात लिहीत आणि त्याखाली प्रत्येक पोथीचा वेगळा पाठ नोंदवत. त्या कागदांवर कोणती पोथी कोणत्या पोथीच्या कुळातली, हे दिसू लागतं. हिब्रू अभ्यासातही पहिलं काम हेच: कुळं ओळखणं. म्हणून मसोरा परंपरेच्या सगळ्या पोथ्या मिळून साक्ष एक. वजनदार खरी, पण एकच.

दुसरी साक्ष ग्रीकची. इसवी सनापूर्वीच्या शतकांत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांसाठी स्तोत्रांचं भाषांतर झालं. त्यात मेमच्या वचनानंतर एक जादा वचन आहे. देव शब्दाला जागणारा आणि करणीत दयाळू, असा त्याचा आशय. (ग्रीक बायबलात हे स्तोत्र 144वं आहे, कारण तिथे नववं आणि दहावं स्तोत्र एक धरलं आहे. दोन पुस्तकं शेजारी उघडून आकडे जुळवणाऱ्याला हा खड्डा पहिल्याच दिवशी लागतो.)

या जादा वचनाचं मोल कळायला थोडा विचार करावा लागतो. ग्रीकमध्ये उतरवल्यावर हिब्रू मुळाक्षरांचा क्रम दिसत नाही. ग्रीक वाचकाला काही गळल्याचं जाणवणारच नाही. मग भाषांतरकाराने पदरची ओळ कशासाठी घालावी? ती त्याच्यासमोरच्या हिब्रू प्रतीत होती, हेच सरळ उत्तर. म्हणजे नूनचं वचन असलेली हिब्रू प्रत तेव्हा कुठेतरी होती. सिरियाकमधल्या भाषांतरातही हे वचन आहे, पण त्यावर ग्रीकची छाया पडली असण्याची शक्यता असल्याने त्याला मी कमी वजन देतो.

शंभर-दीडशे वर्षं अभ्यासक इथवर येऊन थांबत होते. ती हिब्रू प्रत असावी, असा तर्कच होता. प्रत्यक्ष कुणी पाहिली नव्हती.

1956 साली मृत समुद्राच्या काठी कुमरानजवळच्या अकराव्या गुहेत बेदुइनांना चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यातली एक स्तोत्रांची होती. ती कित्येक वर्षं न उलगडता पडून राहिली. नोव्हेंबर 1961मध्ये जेम्स सँडर्स या अमेरिकन अभ्यासकाने जेरुसलेमच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती उलगडली. दोन हजार वर्षं वळलेलं चामडं ओढून उघडत नाहीत, तडकतं. आधी दमट हवेत ठेवून ते मऊ करायचं, मग पदर अलगद सोडवायचा. गुंडाळी चार मीटरच्या आत-बाहेर भरली. तिचा खालचा भाग, जवळपास एक तृतीयांश, सडून गेलेला. म्हणजे प्रत्येक रकान्याच्या शेवटच्या ओळी गेल्या. अक्षरांच्या वळणावरून ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातली ठरते, म्हणजे अलेप्पोच्या पोथीपेक्षा नऊ शतकांनी जुनी.

आता सोळाव्या आणि सतराव्या रकान्याकडे जवळून पाहू. आपलं स्तोत्र सोळाव्यात सुरू होतं. सातव्या वचनापर्यंत शाई दिसते, मग सडका काठ लागतो, आणि आठ ते बारा ही वचनं कायमची गेलेली. सतरावा रकाना वरून सुरू होतो तो तेराव्या, म्हणजे मेमच्या वचनाने. आणि लगेच पुढे, रकान्याच्या माथ्यावरच्या ओळींत, 'नेएमान' हा शब्द. विश्वासू. पहिलं अक्षर नून.

लेखनिकाने रकाने जरा निराळे पाडले असते तर हीच ओळ सडक्या काठात गेली असती. हे मनात आलं की मला दर वेळी धडधडतं.

याच जागी आणखी एक गोष्ट हिब्रू न येणाऱ्यालाही दिसते. या लेखनिकाने देवाचं चार अक्षरी नाव चालू चौकोनी लिपीत न लिहिता जुन्या हिब्रू लिपीत लिहिलं आहे. देवनागरी मजकुरात एकच शब्द ब्राह्मीत यावा तसं ते डोळ्यात भरतं. नूनच्या वचनात मात्र ते नाव नाही. तिथे 'एलोहीम', म्हणजे 'देव' हा साधा शब्द, साध्या लिपीत आहे. ग्रीक भाषांतरात त्याच ठिकाणी 'प्रभू' आहे. म्हणजे वचन सापडलं, पण दोन साक्षीदारांचे शब्द तंतोतंत जुळत नाहीत. इस्रायलच्या पुरातत्त्व विभागाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांची छायाचित्रं लिओन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात सर्वांना खुली केली आहेत. ज्याला सवड आहे त्याने ती जुनी अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मग निकाल लागला का? नाही. खरा विचार इथून सुरू होतो, कारण हा साक्षीदारही तपासावा लागतो. या गुंडाळीत स्तोत्रांचा क्रम आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपलं स्तोत्र 144व्यानंतर येत नाही, 136वं आणि मग 118व्यातली काही वचनं झाल्यावर येतं. 150च्या बाहेरची स्तोत्रंही आहेत. त्यातलं 151वं तोवर हिब्रूत कुणाला ठाऊक नव्हतं. एका गद्य उताऱ्यात दावीदाने, म्हणजे परंपरा ज्याला स्तोत्रांचा कर्ता मानते त्या राजाने, 4,050 रचना केल्याचा हिशेब आहे. त्यात वर्षाच्या रोजच्या अर्पणासाठी 364 गीतं, शब्बाथांसाठी 52 आणि सणावारांसाठी 30 असं मांडलेलं आहे. 364 दिवसांचं वर्ष मानणाऱ्या लोकांची ही गुंडाळी. आणि आपल्या स्तोत्राच्या प्रत्येक वचनानंतर एकच धृपद पुन्हा पुन्हा येतं, जे दुसऱ्या कोणत्याही परंपरेत नाही. म्हणजे उपासनेत समुदायाने म्हणण्यासाठी हे स्तोत्र कुणीतरी बेतून घेतलं आहे. धृपद घालणाऱ्याला अक्षराची रिकामी जागा बुजवणं कितीसं अवघड?

संशय बळावतो तो वचनाच्या उत्तरार्धामुळे. तो याच स्तोत्रातल्या सादे अक्षराच्या वचनाचा, म्हणजे सतराव्या वचनाचा उत्तरार्ध आहे. ठिगळ लावणारा माणूस जवळचंच कापड घेतो.

शिवाय नक्कल करताना ओळ गळते तेव्हा बहुधा कारण सापडतं. 37व्या स्तोत्रात आयिनच्या ओळीची सुरुवात हरवली आहे. तिथे जवळजवळ सारखे दिसणारे दोन हिब्रू शब्द शेजारी असावेत आणि लेखनिकाची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरली असावी, असं ग्रीकच्या मदतीने दाखवता येतं. आपल्या स्तोत्रात नजर घसरेल अशी जागा मला दिसत नाही. आणि अक्षरांची माळ अपुरी असणं हीसुद्धा जगावेगळी गोष्ट नाही. 25व्या आणि 34व्या स्तोत्रांत वावची ओळ नाही आणि शेवटी पेची एक ओळ जादा आहे. तिथे ओळ गळली असं सहसा कुणी म्हणत नाही.

दुसरी बाजूही तेवढ्याच मनाने ऐकायला हवी. या स्तोत्रात 'कोल', म्हणजे 'सर्व', हा शब्द वारंवार येतो. सर्वांचं पोषण, सर्वांवर दया. सर्व म्हणणारा कवी एक अक्षर सोडेल का? पण मधली तीन वचनं पाहा: काफ, लामेद, मेम. ही अक्षरं उलटी वाचली की 'मेलेख' होतं, राजा. आणि ती तिन्ही वचनं देवाच्या राज्याबद्दलच आहेत. अक्षरांशी इतकं बारीक खेळणाऱ्याने एक जागा जाणूनबुजून मोकळी ठेवली असेल, हेही अशक्य नाही.

तालमूद या यहुदी ग्रंथात, तिसऱ्या शतकातल्या रब्बी योहानान यांच्या नावावर, याचं एक उत्तर नोंदलेलं आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात इस्रायलच्या पतनाबद्दलचं एक वचन नूनने सुरू होतं, म्हणून दावीदाने ते अक्षर टाळलं. पुढच्याच सामेखच्या वचनात देव पडणाऱ्यांना सावरतो असा आशय आहे, आणि तिथल्या 'पडणारे' या शब्दाचा धातू नूननेच सुरू होतो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने मला यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते. तिसऱ्या शतकात त्यांच्या पाठात नून नव्हतंच, आणि ही उणीव त्यांना टोचत होती. उणीव दिसूनही त्यांनी ती भरली नाही, तिचा अर्थ लावला.

याच परंपरेने हे स्तोत्र रोज तीनदा म्हणायचा नेम घालून दिला. ते आशेरेई या प्रार्थनेत येतं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल यहुद्यांच्या उपासनेतही ते आहे. मुंबईत मांडवीला 1796 साली उभं राहिलेलं शआर हारहमीम हे सिनेगॉग त्यांचंच. तिथेही मेमनंतर सामेखच म्हटलं जातं.

माझा कौल असा: वचन फार जुनं आहे, पण मूळ नाही. कुणा भाविकाने माळेतला मणी भरून काढला, तोही इसवी सनापूर्वी. उलट मत असलेले अभ्यासक कच्चे नाहीत, आणि आजची बरीच भाषांतरं हे वचन मजकुरात घेतात. अभ्यासकांच्या हाती असते ती प्रमाण हिब्रू आवृत्ती कौल देतच नाही. ती सेंट पीटर्सबर्गची पोथी जशीच्या तशी छापते, नूनविना, आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात संक्षेपाची एक टीप देते. त्यात एका हिब्रू हस्तलिखिताची नोंद आहे, तो डब्लिनचा साक्षीदार. 'जी' म्हणजे ग्रीक, 'एस' म्हणजे सिरियाक, 'क्यू' म्हणजे कुमरानच्या अकराव्या गुहेतल्या गुंडाळीच्या सतराव्या रकान्याचा माथा.